विद्येचें ऋण आणि कोर्टाची पायरी



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याला दिवाणी दाव्यांचा भरपूर अनुभव असला पाहिजे, याबद्दल मला शंका नाहीं. परंतु एका देशांत, एका विशिष्ट प्रकारच्या दाव्यांत, हीच म्हण अक्षरशः पाळल्यामुळें हजारों शहाण्या, शिकल्या-सवरलेल्या माणसांचें नुकसान झालें. त्याची हकीकत आज आपल्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे. देश अमेरिका, दावे शिक्षणासाठीं काढलेल्या खासगी कर्जांचे, आणि पायरी न चढल्याची शिक्षा म्हणजे एकतर्फी हुकूमनामा.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथ्यावर जीं जन्मजात ऋणें सांगितलीं आहेत त्यांत ऋषिऋण हें एक आहे, आणि तें अध्ययन केल्यानें फिटतें. अमेरिकेंत गेल्या साठ-सत्तर वर्षांत याच्या नेमका उलट प्रकार घडून आला. तेथें अध्ययन केल्यानें ऋण चढूं लागलें. आरंभ मात्र सद्हेतूनेंच झाला होता. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला. शास्त्रविद्येंत आपण मागें पडलों अशी धास्ती अमेरिकेस वाटली. आणि दुसऱ्याच वर्षीं राष्ट्रीय संरक्षण शिक्षणाचा कायदा होऊन विद्यार्थ्यांना सरकारी पैशांतून शेंकडा तीन व्याजानें कर्ज मिळूं लागलें. पुढें १९६५ सालीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं टेक्सासांतील ज्या महाविद्यालयांत आपण स्वतः शिकलों तेथेंच जाऊन उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. या कायद्याची युक्ति अशी कीं, कर्ज बँकेनें द्यावें आणि हमी सरकारनें घ्यावी. बँकांकडून हीं कर्जें विकत घेऊन त्यांचा पैसा मोकळा करण्यासाठीं १९७२ मध्यें सॅली मे नांवाची संस्था सरकारनें निर्माण केली. हीच संस्था २००४ च्या अखेरीस पूर्णपणें खासगी झाली, आणि हमीच्या कर्जांची पद्धति २०१० सालीं बंद होऊन सरकार स्वतःच थेट कर्ज देऊं लागलें.

आतां सरकारी कर्जाला मर्यादा असते. पदवीच्या विद्यार्थ्याला एका वर्षांत अमुकच डॉलर, त्याहून अधिक नाहीं. महाविद्यालयाची फी मात्र असली कोणतीच मर्यादा जाणत नाहीं. या दोहोंमधील जी दरी, ती भरून काढण्याचा धंदा म्हणजे खासगी शिक्षणकर्ज. येथें व्याजाचा दर बदलता असूं शकतो आणि तो ऋणकोची पत पाहून ठरतो. अठरा वर्षांच्या मुलाला पत कोठली? म्हणून बापाची, आईची, क्वचित् आजीची सही जोडून घेतात. अमेरिकन सरकारच्या ग्राहक-वित्त-संरक्षण कार्यालयानें शिक्षणखात्याच्या सहकार्यानें २०१२ सालीं जी पाहणी प्रसिद्ध केली तींत, २०११ मध्यें दिलेल्या खासगी कर्जांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक कर्जांवर अशी दुसरी सही होती असें आढळून आलें.

येथें सरकारी आणि खासगी कर्जांतील एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण सर्व कथेचें मर्म त्यांत आहे. सरकारी कर्ज थकलें म्हणजे सरकारला न्यायालयाची गरज लागत नाहीं. तें आपल्या अधिकारांत, कोणत्याहि न्यायाधीशाचा हुकूम नसतां, ऋणकोच्या पगारांतून शेंकडा पंधरापर्यंत कापून घेऊं शकतें आणि त्याला परत मिळावयाचा प्राप्तिकर अडवून ठेवूं शकतें. शिवाय १९९१ च्या कायद्यानें या कर्जांना मुदतीची बाधाच उरली नाहीं. ऋणको सत्तर वर्षांचा झाला तरी मागणी जिवंत. खासगी धनकोला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. तो पत्रें पाठवील, फोन करील, वसुलीच्या पेढीला कर्ज विकून टाकील. परंतु पगारावर हात टाकावयाचा तर त्याला फिर्यादच लावावी लागते. म्हणजे वरवर पाहतां खासगी कर्जाचा ऋणको अधिक सुरक्षित. त्याच्या आणि धनकोच्या मध्यें न्यायाधीश बसलेला आहे, पुराव्याचा कायदा आहे, मुदतीचा कायदा आहे. कागदावर हें सर्व बिनतोड आहे.

मग ऋणकोनें नादारीचा अर्ज करून मोकळें कां होऊं नये? जुगारांत घर घालविणारा किंवा व्यापारांत बुडालेला मनुष्य अमेरिकेंत नादारीच्या न्यायालयांत जाऊन नव्यानें संसार मांडूं शकतो. त्या देशाच्या नीतीचा तो एक भूषणावह भाग मानला जातो. विद्यार्थ्यासाठीं हें दार एका-एका पायरीनें बंद करण्यांत आलें. १९७० नंतरच्या वर्षांत अशी ओरड झाली कीं, डॉक्टर आणि वकील झालेले तरुण पदवी हातीं पडतांच नादारी जाहीर करतात आणि कर्ज बुडवितात. सरकारी हिशेबतपासनिसांनीं चौकशी केली तेव्हां हमीच्या कर्जांपैकीं शेंकडा एकाहूनहि कमी कर्जें नादारींत बुडालीं असें दिसून आलें. परंतु ओरड आंकड्यांहून मोठी ठरली. १९७६ च्या कायद्यानें, पहिलीं पांच वर्षें विशेष हालअपेष्टा सिद्ध केल्याखेरीज सुटका नाहीं, असें ठरलें. १९९० मध्यें पांचांचीं सात वर्षें झालीं. १९९८ मध्यें वर्षांची गोष्टच काढून टाकली. सुटका कधींच नाहीं, हाल सिद्ध केलेत तरच. ही सर्व बंधनें मुख्यतः सरकारी व धर्मादाय कर्जांपुरतीं होतीं. २००५ च्या नादारी कायद्यानें तींच खासगी, नफ्यासाठीं दिलेल्या कर्जांनाहि लावलीं. करदात्याचा पैसा वांचविण्यासाठीं घातलेलें कुंपण सावकाराच्या शेताभोंवतीं कसें नेऊन लावलें गेलें, याचें समाधानकारक उत्तर मला तरी मिळालेलें नाहीं. आणि हाल म्हणजे किती हाल? न्यू यॉर्ककडील वरिष्ठ न्यायालयानें १९८७ मध्यें ब्रूनर खटल्यांत जी कसोटी घालून दिली ती अशी: आज किमान राहणी भागत नाहीं, पुढेंहि बराच काळ भागणार नाहीं, आणि आजवर फेडीचा प्रामाणिक प्रयत्न केला, हीं तिन्ही ऋणकोनें सिद्ध करावीं. ही कसोटी बहुतेक न्यायालयांनीं उचलली.

दार बंद झाल्यावर धनको निर्धास्त होतो. आणि निर्धास्त धनको सढळ होतो. २००१ सालीं खासगी शिक्षणकर्जांचा वर्षाचा व्यवहार सुमारें पांच अब्ज डॉलरांचा होता. २००८ पर्यंत तो वीस अब्जांच्या वर गेला. या भरभराटीमागें आणखी एक यंत्र होतें, आणि तें समजून घेतल्याविना पुढील खटले समजणार नाहींत. बँक कर्ज देई, पण स्वतःजवळ ठेवीत नसे. बॉस्टनच्या फर्स्ट मार्बलहेड या कंपनीच्या मध्यस्थीनें अनेक बँकांचीं कर्जें एकत्र बांधून तीं नॅशनल कॉलेजिएट नांवाच्या पंधरा न्यासांकडे जात, आणि त्या न्यासांचे रोखे गुंतवणूकदारांस विकले जात. कर्ज बुडालें तर भरपाई करण्याची हमी टेरी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची असे. दिलेलें कर्ज आपल्या गळ्यांत राहणारच नाहीं हें माहीत असल्यावर बँकेनें मुलाची पात्रता कशाला निरखावी? कित्येक कर्जें तर महाविद्यालयाला न विचारतां परभारें दिलीं गेलीं. २००८ च्या एप्रिलांत टेरीचें दिवाळें वाजलें. त्याच वर्षीं अमेरिकेचा सारा पैशाचा बाजार कोसळला. २०११ मध्यें खासगी कर्जांचा व्यवहार सहा अब्जांवर आला. नोकऱ्या नाहींत अशा वर्षांत पदवीधर बाहेर पडत होते. २०१२ च्या त्याच पाहणींत साडेआठ लाखांहून अधिक खासगी कर्जें थकलेलीं आढळलीं, आणि त्यांची रक्कम आठ अब्ज डॉलरांहून जास्त भरली.

येथून फिर्यादींचा काळ सुरू होतो. त्या पंधरा न्यासांकडे मिळून आठ लाख कर्जें आणि सुमारें बारा अब्ज डॉलरांचें येणें होतें. परंतु न्यासांकडे नोकर एकहि नव्हता. न्यास म्हणजे केवळ कागद. त्यांच्या वतीनें वसुली करणारी कंपनी, तिनें नेमलेल्या वकिलांच्या पेढ्या, आणि त्या पेढ्यांनीं काढलेल्या फिर्यादी. २०१२ चा नोव्हेंबर ते २०१६ चा एप्रिल या साडेतीन वर्षांत या न्यासांच्या नांवें सुमारें ९४ हजार दावे देशभर दाखल झाले.

असा एक दावा कसा चालतो, तें पाहूं. हप्ता देणें थांबल्यावर चारएक महिन्यांनीं धनको कर्ज बुडीत लिहितो आणि सर्व रक्कम एकदम देय झाली असें कळवितो. मग कांहीं काळानें, कधीं दोन, कधीं पांच वर्षांनीं, दारावर समन्स येतें. त्यावर ज्याचें नांव असतें तें ऋणकोनें बहुधा कधींच ऐकलेलें नसतें. त्यानें पैसे घेतले एका बँकेकडून, हप्ते भरले दुसऱ्या पेढीकडे, आणि फिर्यादी म्हणून उभा राहतो एक न्यास. कांहीं जण हें फसवणुकीचें पत्र समजून फेकून देतात. कांहीं जण, पैसे तर घेतले आहेत, मग न्यायाधीशापुढें काय तोंड दाखवावयाचें, अशा लज्जेनें घरींच बसतात. कांहीं जणांना तें मिळतच नाहीं. समन्स गटारांत टाकून 'बजावलें' अशी शपथ घेणाऱ्या बेलिफांचा प्रकार न्यू यॉर्क शहरांत इतका रूढ झाला कीं, त्यास 'गटारांतली बजावणी' असें नांवच पडलें. कैफियत देण्याची मुदत बहुधा वीस ते तीस दिवसांची. ती टळली कीं न्यायाधीश पुरावा फारसा न पाहतां हुकूमनामा देतो. त्यानंतर पगाराचा चौथा हिस्सापर्यंत जप्त होऊं शकतो, बँकेंतील खातें अडकूं शकतें, घरावर बोजा चढूं शकतो. टेक्साससारख्या एखाद्या राज्यांत सामान्य खासगी कर्जासाठीं पगार जप्त होत नाहीं, पण तो अपवाद.

आणि जे थोडे हजर राहिले त्यांचें काय झालें? येथेंच गंमत आहे. त्यांनीं एवढेंच विचारलें: 'माझा रोखा दाखवा, आणि तो बँकेकडून आपल्याकडे कसा आला त्याचे कागद दाखवा.' कित्येक खटल्यांत ते कागद निघालेच नाहींत. आठ लाख कर्जें गठ्ठ्यांनीं हातोहात फिरतांना कोणतें कर्ज कोणत्या गठ्ठ्यांत गेलें याची नोंद हरवली होती. तरीहि, 'मला या कर्जाची स्वतः माहिती आहे' अशीं प्रतिज्ञापत्रें वसुली कंपनीचे कारकून भराभर सह्या करून देत होते, आणि ज्यानें सही समोर घेतली असें लिहिलें त्या नोटरीपुढें ती झालेलीच नसे. ग्राहक-वित्त-संरक्षण कार्यालयानें २०१७ च्या सप्टेंबरांत न्यासांवर आणि वसुली कंपनीवर जे आरोप ठेवले त्यांत हें सर्व आलें आहे; दोन हजारांवर दाव्यांत कर्ज सिद्ध करण्यास लागणारे कागद नव्हते आणि कांहीं दावे तर मुदत उलटल्यावर लावलेले होते, असेंहि त्यांत म्हटलें आहे. त्याच वर्षीं न्यू यॉर्क टाइम्स पत्रानें, कागदांच्या अभावीं निदान पांच अब्ज डॉलरांचीं कर्जें वसूल होणें कठीण झालें आहे, अशी हकीकत छापली.

ही कथा वाचतांना मला राहून राहून आपल्या दख्खनची आठवण होते. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या घरांतून रोखे काढून जाळले. त्यांच्या रागाचें एक मोठें कारण न्यायालयांचे एकतर्फी हुकूमनामे हेंच होतें. कुणबी कोर्टांत जात नसे, सावकाराचा हिशेब कोणी तपाशीत नसे. चार वर्षांनीं, १८७९ मध्यें, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशावर असें बंधन घातलें कीं, नुसता रोखा पाहून थांबूं नये. प्रतिवादीस समोर बोलवावें आणि व्यवहाराचा उगम शोधावा. सुप्याच्या कुणब्याला लिहितांवाचतां येत नव्हतें; अमेरिकेंतील प्रतिवादी विद्यापीठाचा पदवीधर होता. हुकूमनामा दोघांवर सारखाच झाला. फरक इतकाच कीं, तेथें रोखे जाळावे लागले नाहींत. ते आपणच नाहींसे झाले.

मुदतीच्या कायद्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण फसगत येथें फार होते. खासगी कर्जाची फिर्याद राज्याराज्यांच्या कायद्याप्रमाणें बहुधा तीन ते दहा वर्षांच्या आंत लावावी लागते. मुदत गेली तरी ती हरकत न्यायाधीश आपण होऊन काढीत नाहीं. प्रतिवादीनें ती कैफियतींत मांडावी लागते. म्हणजे पुनः पायरी चढणें आलेंच. दुसरें असें कीं, अनेक राज्यांत थकलेल्या कर्जापोटीं पांच-दहा डॉलर दिले तरी मुदत नव्यानें मोजली जाते. 'निदान पंचवीस डॉलर तरी पाठवा, म्हणजे आपली नियत चांगली आहे असें दिसेल,' अशी फोनवरील गोड विनंती यासाठींच असते. आपल्याकडे १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत घालून नवा रोखा लिहून घेत, तें कुणब्याचें भलें व्हावें म्हणून नव्हे.

दुसरी सही करणाऱ्याची स्थिति तर अधिकच शोचनीय. कायद्यानें तो केवळ साक्षीदार नव्हे, बरोबरीचा ऋणको आहे. फिर्याद मुलावर न लावतां निवृत्त बापावर लावली तरी ती चालते. इतकेंच नव्हे तर, हप्ते नियमित चालू असतांना जामीनदार वारला म्हणून सर्व कर्ज एकदम मागितल्याचीं उदाहरणें २०१४ मध्यें सरकारी अहवालांत आलीं. बाप गेल्याच्या दुःखांत मुलाला हें पत्र यावें! २०१८ च्या कायद्यानें नव्या कर्जांपुरता हा प्रकार बंद केला आणि विद्यार्थीच मरण पावल्यास जामीनदारास मोकळें करण्याचें ठरविलें. त्यापूर्वींच्या कर्जांना तो लागू नाहीं. आपल्या घरांतून जे मुलगे-मुली अमेरिकेंत शिकावयास जातात त्यांनाहि तेथील खासगी बँक बहुधा तेथील रहिवाशाचीच सही मागते, आणि मग कोणी दूरचा काका किंवा वडिलांचा जुना मित्र भिडेस्तव ती करून देतो. मुंबईस जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं जो निधि काढला तोहि कर्जरूपच होता. परंतु ज्याचें नांव त्यावर होतें त्याचेंच नांव परत मागणाऱ्यावरहि होतें, हा भेद लहान नाहीं.

२०१७ च्या त्या सरकारी कारवाईचा शेवट विचाराल तर तो कंटाळवाणा आहे. वसुली कंपनीनें पंचवीस लाख डॉलर दंड मान्य केला. न्यासांशीं झालेल्या तडजोडींत आठही लाख कर्जांचे कागद तपासून घेण्याची अट होती. पण ज्या वकिलांनीं न्यासांतर्फें सही केली त्यांना तसा अधिकारच नव्हता असें ठरून डेलावेअरच्या न्यायालयानें २०२० मध्यें ती तडजोड नाकारली. न्यासांना हा कायदा मुळांत लागूं पडतो कीं नाहीं, एवढा एकच मुद्दा वरिष्ठ न्यायालयांत ठरण्यास २०२४ साल उजाडलें. लागूं पडतो, असें ठरलें. सात वर्षें यांतच गेलीं, आणि दरम्यान झालेले हुकूमनामे चालूच राहिले.

राज्यांनीं मात्र अधिक तत्परता दाखविली. कॅलिफोर्नियानें २०२१ मध्यें कायदा करून, खासगी शिक्षणकर्जाची फिर्याद लावण्यापूर्वीं मूळ कागद आणि मालकीची सांखळी जवळ असलीच पाहिजे, असें ठरविलें. याच्या उलट बाजूस केंद्र सरकारनें २०२५ मध्यें जो कायदा केला त्यानें पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जांवर जुलै २०२६ पासून नव्या, कडक मर्यादा घातल्या आहेत. वैद्यक आणि कायदा शिकणाऱ्यांपैकीं अनेकांना उरलेली रक्कम खासगी बाजारांतूनच उभी करावी लागेल हें उघड आहे. म्हणजे फिर्यादींचा माल कमी पडण्याची भीति नाहीं.

न्यू यॉर्कनें २०२१ च्या नोव्हेंबरांत केलेला कायदा मला त्यांतल्या त्यांत समजूतदार वाटतो. त्यानें ग्राहकांच्या कर्जांसाठीं सहा वर्षांची मुदत तीनांवर आणली, आणि मुदत संपल्यावर थोडी रक्कम भरली तरी ती पुनः जिवंत होणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें. शिवाय एक साधी गोष्ट केली. फिर्यादीनें फिर्यादीबरोबर एक पाकीट, वर प्रतिवादीचा पत्ता घालून आणि तिकीट लावून, न्यायालयांत द्यावयाचें. त्यांत 'आपल्यावर दावा लागला आहे' अशी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषेंत सूचना असते. तें पाकीट टपालांत टाकावयाचें न्यायालयाच्या कारकुनानें. वकिलानें नव्हे, बेलिफानें नव्हे. आणि तें पत्ता सांपडत नाहीं म्हणून परत आलें, तर सामान्यतः एकतर्फी हुकूमनामा मिळत नाहीं.